चितरीचा चातुर्मास

हौसेराव जगदाळे यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे वेणूबाईने, जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. धाकट्या भावाकडे तर नाहीच नाही. दर राखीपौर्णिमेला हौसेराव तिच्यासाठी साडी आणत, आणि दर राखीपौर्णिमेला आक्का ती साडी दोन बोटांनी चाचपून "पोत चांगला हाय, तुझ्या राजलक्ष्मीला नेसव" म्हणत ताटातून बाजूला सारत असे. ओवाळणी म्हणून फक्त सुपारी उचलायची. आईच्या माघारी जिने आपल्याला वाढवलं तिला आपण एक साडी देऊ शकत नाही, ही गोष्ट हौसेरावांच्या मनाला फार लागलेली होती. त्यामुळे ज्येष्ठातल्या एका सकाळी आक्का उलव्याच्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात डालगं घेऊन उभी राहिली आणि "हौशा, एक काम हाय तुझ्याकडं" म्हणाली, तेव्हा काम काय ते न ऐकताच ते हो म्हणून बसले.

डालगं म्हणजे कोंबडी झाकायची बांबूची टोपली. टोपलीखाली अर्थात कोंबडी होती. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, लालभडक तुऱ्याची, अंगाने भरलेली, आणि सातारा ते नवी मुंबई हा प्रवास एसटीने करूनही चेहऱ्यावर शीण नसलेली. नाव चितरी. आक्काला लेकीच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरला जायचं होतं. बाकीच्या कोंबड्या तिने विकल्या होत्या, पण चितरी विकायची नव्हती आणि गावात ठेवायची तर त्याहून नव्हती. गावात कुणाच्या हाती दिली तर परत आल्यावर पिसंच मिळतील, असं तिचं गावाबद्दलचं मत होतं.

"राखीला येते, तवा नेते," ती म्हणाली. "हिचे लाड करू नगं. घरात जे शिजंल तेच हिला घाल. येगळं काय बी नगं."

या शेवटच्या वाक्याने पुढचं सगळं रामायण घडवलं, म्हणून ते लक्षात ठेवलेलं बरं. हौसेराव जासईच्या एका कंटेनर यार्डात हेडक्लार्क. वरून आलेली सूचना शब्दशः पाळणं हा त्यांचा नोकरीतला लौकिक, आणि आक्काच्या वर त्यांच्या लेखी कुणी साहेब नव्हता.

पहिली अडचण गेटवर आली. सोसायटीत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद मोबाईलच्या ॲपवर करायची असते आणि त्यात कोंबडीसाठी जागा नाही. कुत्रा आहे, मांजर आहे, घरकाम आहे, डिलिव्हरी आहे. वॉचमनने डोकं खाजवून चितरीला 'पाहुणे' या सदरात टाकलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी हौसेरावांच्या फोनवर 'तुमचे पाहुणे अजून आत आहेत का?' असा प्रश्न यायचा आणि ते इमानेइतबारे 'हो' दाबायचे. सोसायटीचे सेक्रेटरी जयप्रकाश यांनी नियम चाळून पाहिले. कोंबडी पाळू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. जगदाळ्यांच्या फ्लॅटला लागून मोकळी गच्ची आहे, तिथे चितरी फिरायची. घरात भाकरी झाली की तिला भाकरी, मासे झाले की काटे आणि डोकी, अंडी झाली की टरफलं. राजलक्ष्मीवहिनींनीही तिला पटकन आपलंसं केलं. मग आषाढी एकादशी आली, आणि वहिनींचा चातुर्मास सुरू झाला.

वहिनींचा चातुर्मास ही साधी गोष्ट नव्हे. त्या दिवसापासून घरात मासा, मटण, अंडं यांचा वाससुद्धा उंबरा ओलांडत नाही. कांदा-लसूण बंद. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. एकादशी आणि चतुर्थी या वरच्या. उपास त्यांचा असला तरी दोन वेगळे स्वयंपाक कोण करणार, म्हणून त्या दिवशी अख्खं घर साबुदाण्यावर. आणि घरात जे शिजेल ते चितरीला, हे तर आक्काचंच म्हणणं. तेव्हा चितरीलाही सोमवारी खिचडी, गुरुवारी वरीचे तांदूळ, शनिवारी रताळ्याचा कीस. एकादशीला तर वहिनी तिला हळूच एखादा खजूरही घालायच्या. कोंबडी निमूट खात होती, आणि आपल्या घरात आल्यावर मुक्या जिवालाही वळण लागलं याचं वहिनींना कौतुक वाटत होतं.

तुरा फिका पडतोय हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एका रविवारी हौसेरावांनी गच्ची धुवायला म्हणून तिला उचललं, आणि ती पिसांच्या गठ्ठ्यासारखी हातात आली. छातीचं मधलं हाड बोटाला टोचलं. आक्का कोंबडी नजरेने बघत नाही. ती दोन्ही हातांनी उचलते, छातीवर अंगठा फिरवते आणि मग बोलते, हे ते लहानपणापासून पाहत आले होते. आणि राखी आता फार लांब नव्हती.

बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ल्यांना तोटा राहिला नाही. जयप्रकाश म्हणाले, हे जवळच्या विमानतळावरच्या विमानांमुळे; डोक्यावरून विमान गेलं की त्यांचीसुद्धा भूक मरते. जयप्रकाशांचं पोट पाहता हे विमान बहुधा जेवणानंतर जात असावं. वरच्या मजल्यावरच्या वैजयंतीबाईंनी दृष्ट काढायला सांगितली आणि मीठमोहऱ्या घेऊन स्वतःच आल्या. हौसेरावांचे चिरंजीव उदयसिंह व्यायामशाळेत जातात. त्यांनी आपल्या डब्यातली प्रोटीन पावडर उदार मनाने ताटलीत ओतली. चितरीने ती नीट पाहिली, पायाने उकरली आणि तिच्यात लोळून धुळीची आंघोळ केली. उदयसिंह दोन दिवस कोंबडीशी बोलले नाहीत. काही लोक तर बरोबर उलट्या टोकाने चौकशी करत होते. गटारी अमावास्या जवळ आलेली, म्हणून लिफ्टमध्ये गाठून हळू आवाजात "गटारीला का?" असं विचारत, आणि हौसेरावांनी नाही म्हटलं की विश्वास नसल्याचं हसत.

शेवटी हौसेराव चितरीला घेऊन सीवूड्सच्या प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे गुबगुबीत कुत्रे मालकांच्या मांडीवर बसले होते. काउंटरवरच्या मुलीने आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग जात. हौसेराव गडबडले. कुत्र्याची विचारतात तशी, असा खुलासा झाल्यावर त्यांनी "गावठी" असं सांगितलं. थोड्या वेळाने खणखणीत आवाजात "चितरी जगदाळे" असा पुकारा झाला आणि हौसेराव सगळ्यांच्या देखत कोंबडी काखेत घेऊन उठले. घराण्याच्या नावाचं असं काही होईल हे त्यांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि प्रामाणिक होत्या. कोंबडी इतक्या जवळून आपण कॉलेजनंतर आजच पाहतोय, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. तरी त्यांनी चितरीला तोलून पाहिलं, छाती चाचपली, डोळे पाहिले, जंत असतील म्हणून औषध लिहिलं आणि विचारलं, "हिला खायला काय देता?"

हौसेरावांनी आठवड्याचा जो काय तो क्रम सांगितला. डॉक्टरीणबाईंचा पेन हवेतच थांबला.

"म्हणजे ही उपास करते?"

"चातुर्मास," हौसेराव म्हणाले. सवयीने त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही आला.

मग बाईंनी समजावून सांगितलं. गावात ती दिवसभर उकिरडा उकरून किडे, अळ्या खायची, त्यावर तिने अंग धरलं होतं. इथे फरशी उकरून फरशीच निघते. साबुदाण्यात पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. तिला भिजवलेली बाजरी द्या, मक्याचा भरडा द्या, मोड आलेले मूग, थोडा हिरवा पाला, शिंपल्यांचा चुरा. आणि मुख्य म्हणजे सुकी मासळी. जवळा मिळाला तर उत्तमच. एकदम पोटभर नको, दिवसातून थोडं थोडं. खाल्लं की भरेल.

बाजरी आणि मूग यांना अडचण नव्हती. अडचण जवळ्याची होती, कारण गटारी होऊन श्रावण लागला होता. चातुर्मासात फक्त वहिनी असतात, श्रावणात सगळी सोसायटी असते. त्यातून श्रावणी पौर्णिमेला सोसायटीचा सत्यनारायण, आणि यंदा पूजेला बसण्याचा मान जगदाळे पतिपत्नींना मिळालेला. वहिनींनी त्यासाठी नवी पैठणी काढून ठेवली होती. अशा बाईला "घरात जवळा आणू का" हे विचारणारा नवरा अजून जन्माला यायचा आहे. हौसेरावांनी विचारलं नाही. घराबाहेरच्या घराबाहेर उरकावं, असं त्यांनी ठरवलं, आणि जबाबदार माणसाला एकदा लपवाछपवी करावी लागली की तो ती किती वाईट करतो हे पुढे दिसलंच.

यार्डातून सुटल्यावर ते जासईच्या बाजारात राजाबाईपुढे जाऊन उभे राहिले. राजाबाई सुकी मासळी विकते. श्रावणात गिऱ्हाईक कमी, म्हणून तिला बोलायला वेळ होता.

"कोनासाठी नेतंस?" तिने विचारलं.

"कोंबडीसाठी," हौसेराव चोरट्या आवाजात म्हणाले.

राजाबाईने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "सरावन लागला का या बाजूच्या मांजरींना लय भूक लागते. समदे मांजरीसाठीच नेतान. कोंबरी सांगनारा तू पयलाच हाय." आणि तिने त्यांच्या कल्पकतेला मान देऊन एक मूठ वर घातली.

जवळा घरात न्यायचा नाही, म्हणून तो स्कूटरच्या डिकीत राहू लागला. हौसेराव सकाळी दूध आणायच्या निमित्ताने खाली जात, खिशातून चिमूटभर आणत आणि गच्चीत चितरीपुढे टाकत. पहिल्या दिवशी चितरीने तो जवळा पाहिला आणि तिच्या डोळ्यांत जी चमक आली, ती पाहून हौसेरावांना स्वतःच्या लग्नातसुद्धा आलं नव्हतं इतकं भरून आलं. काही दिवसांत तुरा रंग धरू लागला.

पण पार्किंगमधल्या इतक्या गाड्या सोडून सेक्टरमधली यच्चयावत मांजरं हौसेरावांच्या स्कूटरभोवती गोल करून बसू लागली. कीर्तनाला बसावीत तशी, शांत, डिकीकडे तोंड करून. जयप्रकाशांनी या दृश्याचा फोटो काढला. तो सोसायटीच्या ग्रुपवर पडला तेव्हा खाली मजकूर होता, की पवित्र महिन्यात काही सदस्यांकडून काही पदार्थांचं सेवन होत असल्याचं निदर्शनास येत आहे, कुणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही. वैजयंतीबाईंनी लगेच पुस्ती जोडली, की सोमवारी सकाळी त्यांनाही खालच्या गच्चीतून वास आला होता आणि त्यांचा उपास होता.

हौसेराव खुलासा करायला स्वतः सोसायटीच्या ऑफिसात गेले. जवळा कोंबडीचा आहे, असं त्यांनी सांगितलं. जयप्रकाशांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "जगदाळेसाहेब, माणसाचा जिभेवर ताबा राहत नाही, समजू शकतो. पण मुक्या प्राण्यावर ढकलू नका." यंदा पूजेला आपण स्वतः सपत्नीक बसू, तुम्ही टेन्शन घेऊ नका, असंही ते म्हणाले. श्रावणात चुकून अंड्याचा केकही न खाणारे हौसेराव मान खाली घालून जिना चढले. लिफ्टमध्ये कुणी भेटेल म्हणून लिफ्ट टाळली.

घरी वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "खाल्लंत?" हौसेरावांनी नाही म्हटलं, कोंबडीसाठी आणला म्हटलं, आक्काची शपथ घेतली. वहिनींनी पैठणी परत कपाटात ठेवली आणि त्या दिवशी वाटाण्याची उसळ वाढताना वाटी जरा आवाज करून ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्यावर अविश्वास दाखवला नव्हता, आणि आता दाखवला तो एका चिमूटभर जवळ्यावरून, याचं हौसेरावांना खरंच दुःख झालं. कोंबडी सोडून द्यावी, साबुदाणा तर साबुदाणा, असंही एकदा मनात आलं. त्याच संध्याकाळी आक्काचा व्हिडिओ कॉल आला. तिला चितरी बघायची होती. हौसेरावांनी फोन चितरीच्या इतका जवळ धरला की पडद्यावर नुसता एक डोळा मावला.

"डोळा बघून काय करू? मागं सरक," आक्का म्हणाली.

हौसेरावांनी नेटवर्क गेल्याचं सांगून फोन बंद केला आणि कोंबडीपुढे हात जोडले.

मदत आली ती समोरच्या दारातून. तिथे सुगत आणि संघमित्रा राहतात. मूळचे नांदेडकडचे, ती बँकेत, तो रेल्वेत. संघमित्राने ग्रुपवरचं सगळं वाचलं होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"दादा, जवळा आमच्याकडं ठेवा," ती म्हणाली. "चितरीला जेवायलाबी आमच्याच गॅलरीत पाठवा."

आपल्यामुळे तुमच्यावर संशय यायचा, असं हौसेराव संकोचून म्हणाले.

"आमच्यावर कसला संशय? आमच्याकडं श्रावण नसतो. आम्ही उघड खातो."

हे इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही याची हौसेरावांना लाज वाटली. त्या दिवसापासून चितरी राहायला जगदाळ्यांकडे आणि जेवायला समोर. हौसेराव यार्डात जाताना तिला पोचवत आणि आल्यावर आणत. सुगतची आई गिरजाबाई तिच्याशी गप्पा मारत मूग टाकायची, बाजरी टाकायची आणि वरून जवळ्याची चिमूट सोडायची. डिकी धुतल्यावर मांजरं पांगली, आणि जगदाळे सुधारले असं जयप्रकाशांनी जाहीर केलं. हा आरोपापेक्षा मोठा अपमान होता, पण हौसेरावांनी तो गिळला. चितरी भरत होती.

पौर्णिमा आली. सोसायटीच्या आवारात मांडव, केळीचे खांब, चौरंग. जयप्रकाश सोवळं नेसून सपत्नीक पाटावर बसलेले, संकल्प सोडून झालेला. राजलक्ष्मीवहिनी मागच्या रांगेत साध्या साडीत, आणि हौसेराव त्यांच्याही मागे, खांबाला टेकून. तेवढ्यात गेटमधून आक्का आली. हातात रिकामं डालगं. तिला पूजाबिजा काही माहीत नव्हती, तिने देवाला लांबून हात जोडले आणि सरळ विचारलं, "चितरी कुठाय?"

गिरजाबाईने नुकतंच तिला जेवू घालून खाली आणलं होतं. आक्काने तिला दोन्ही हातांनी उचललं. आक्काने छातीवर अंगठा फिरवला. मग पंखाखाली बोटं घातली. मग तुरा पाहिला. मग, हौसेरावांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं असं, चोच नाकाजवळ नेऊन वास घेतला.

गावाकडे गाईबैलांना हाका मारणारा आक्काचा आवाज. मांडवात पोथी चालू होती तरी तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"जवळा घालतोस व्हय रं हिला? श्रावणात? कुठनं पैदा केलास?"

पोथी थांबली. गुरुजींनी वर पाहिलं. वैजयंतीबाईंनी पदर नाकाला लावला आणि लगेच काढला. संघमित्रा तोंडावर रुमाल धरून हसत होती. आक्का आपली सगळ्यांना सांगत सुटली, की आणून सोडली तेव्हाही एवढी भरली नव्हती, आणि हा तर लहानपणी साधं पिल्लू हातात धरायला भ्यायचा. जयप्रकाश पाटावरून अर्धवट उठले. जगदाळ्यांनी आता पुढे यावं, असं ते म्हणू लागले, पण संकल्प सोडल्यावर यजमान बदलत नाही असं गुरुजींनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा ते कोऱ्या चेहऱ्याने परत बसले आणि पुढची सगळी कथा त्यांनी कोंबडीकडे न बघता ऐकली.

राजलक्ष्मीवहिनी उठून हौसेरावांजवळ आल्या. "अहो, मला नीट सांगायचं तरी," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग काहीतरी उमजून त्यांचा हात तोंडाशी गेला. "म्हणजे माझ्या साबुदाण्यानं वाळली ती?"

"पुण्य लागलं असेल तिला," हौसेराव म्हणाले. वहिनी हसल्या. तेवढ्याने हौसेरावांचा सगळा श्रावण भरून निघाला.

घरी आक्काने राखी बांधली. ताटात साडी होतीच. आक्काने ती दोन बोटांनी चाचपली, पोत चांगला म्हणाली, बाजूला सारली, सुपारी उचलली. चितरीला डालग्यात घातलं आणि दुपारच्या गाडीने निघून गेली. संध्याकाळी फोनवर नेहमीचा प्रश्न आला, पाहुणे अजून आत आहेत का. हौसेरावांनी बराच वेळ पाहिलं आणि 'नाही' दाबलं. गच्ची फारच स्वच्छ दिसत होती.

चारसहा दिवसांनी गावाहून आक्काचा फोन आला. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता, जरा अडखळत होती.

"हौशा, हिला काय सवय लावलीस रं? उकिरड्याकडं ढुंकून बघंना, दाण्याला तोंड लावंना. दारात बसून ऱ्हाती." मग म्हणाली, "तो जवळा... जरा पाठवशील का?"

आक्काने एका वर्षात दुसऱ्यांदा त्यांच्याकडे काहीतरी मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते यार्डातून अर्धा तास आधी सुटले आणि जासईच्या बाजारात राजाबाईपुढे ताठ उभे राहिले. श्रावण अजून संपला नव्हता. शेजारच्या दुकानात वैजयंतीबाईंचे यजमान भाजी घेत होते, तरी हौसेरावांनी मोठी पिशवी पसरली आणि भरभरून घालायला सांगितलं.

"आज कोनासाठी?" राजाबाईने विचारलं.

"बहिणीला पाठवायचाय," हौसेराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

राजाबाईने मान डोलावली आणि यावेळी दोन मुठी वर घातल्या.